आभासी यंत्रांतील सूचनांचे अग्रेषण

आभासी यंत्रांतील सूचनांचे अग्रेषण म्हणजे आभासी यंत्रात, अर्थात व्हर्च्युअल मशीनमध्ये, चालणाऱ्या प्रोग्रामने दिलेली डेस्कटॉप सूचना त्या यंत्राबाहेर आणून यजमान संगणकाच्या पडद्यावर दाखवणे होय. यजमान संगणक म्हणजे ज्या प्रत्यक्ष संगणकावर ते आभासी यंत्र चालते तो संगणक. नवा ईमेल आला, फाइल उतरवून झाली, छपाई अडली, बैठकीला दहा मिनिटे उरली असे सांगणारी छोटी चौकट पडद्याच्या कोपऱ्यात काही सेकंद दिसते व नाहीशी होते. हीच चौकट आभासी यंत्राच्या आत उमटली आणि त्या यंत्राची खिडकी दुसऱ्या खिडकीखाली झाकली गेली असली, तर ती वापरकर्त्याच्या नजरेस पडत नाही. ही उणीव दूर करणे हा अग्रेषणाचा हेतू असतो.

वरवर पाहता हे काम दोन ओळींचा मजकूर इकडून तिकडे नेण्याचे आहे. परंतु आभासी यंत्र वापरण्यामागे बहुधा विलगीकरणाचा हेतू असतो आणि अग्रेषण हे त्या विलगीकरणाच्या भिंतीला मुद्दाम पाडलेले छिद्र असते. त्यातून काय जाऊ द्यावे आणि काय अडवावे हा या विषयाचा गाभा आहे. मराठीच्या दृष्टीने त्याला आणखी एक बाजू आहे. सुरक्षेसाठी लावलेल्या गाळणीतून इंग्रजी मजकूर जसाच्या तसा पार होतो. देवनागरी मजकूर मात्र तीत बिघडू शकतो.

पार्श्वभूमी

आभासी यंत्राची कल्पना डेस्कटॉप सूचनांपेक्षा कितीतरी जुनी आहे. आयबीएमने मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये जाहीर केली. वैयक्तिक संगणकांवर ही सोय १९९९ मध्ये आलेल्या व्हीएमवेअर वर्कस्टेशनमुळे रूढ झाली. पडद्याच्या कोपऱ्यात येणाऱ्या एकसारख्या सूचनांची पद्धत त्यानंतरची आहे. मॅक संगणकांसाठी ग्राउल हे स्वतंत्र सॉफ्टवेअर २००४ मध्ये आले. विंडोज ८ मधील ‘टोस्ट’ सूचना आणि ओएस एक्स १०.८ मधील सूचना केंद्र ही दोन्ही २०१२ मधील आहेत. लिनक्सवरील विविध डेस्कटॉपांसाठी फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने एक सामाईक विनिर्देश तयार केला.

या दोन्ही गोष्टी एकमेकींची दखल न घेता वाढल्या. पुढे व्हीएमवेअरची युनिटी, पॅरालल्सची कोहेरन्स आणि व्हर्च्युअलबॉक्सची सीमलेस या पद्धती आल्या. त्यांत आभासी यंत्रातील प्रोग्रामच्या खिडक्या यजमानाच्या खिडक्यांत मिसळून दाखवल्या जातात. वापरकर्त्याला आपण कोणत्या यंत्रातील प्रोग्राम वापरत आहोत याचा विसर पडावा, हाच त्यांचा उद्देश होता. असा विसर पडल्यावर सूचनाही एकाच ठिकाणी दिसाव्यात ही अपेक्षा स्वाभाविक ठरली.

एक कल्पित उदाहरण पुढील विवेचनास उपयोगी पडेल. समजा, बुलढाणा जिल्ह्यात चिखली किंवा मेहकर येथे एक नागरी सेवा केंद्र आहे. तेथे दिवसभर लोक आपापले पेनड्राइव्ह घेऊन येतात. कोणाला सातबाऱ्याची छापील प्रत हवी असते, कोणाला अर्ज भरून हवा असतो. परक्या पेनड्राइव्हमधून विषाणू येण्याचा धोका टाळण्यासाठी चालकाने एकाच संगणकावर दोन आभासी यंत्रे केली आहेत: ‘ग्राहक’ यंत्रात पेनड्राइव्ह उघडले जातात, तर ‘कार्यालय’ यंत्रात ईमेल व शासकीय संकेतस्थळे. चालक ‘ग्राहक’ यंत्रात छपाई करत असताना ‘कार्यालय’ यंत्रात अर्जाच्या मुदतीची सूचना आली, तर ती त्याला दिसावी. मात्र ‘ग्राहक’ यंत्रात शिरलेल्या एखाद्या विषाणूने बँकेच्या नावाने खोटी सूचना पाठवली, तर ती खरी वाटता कामा नये.

सूचनेची रचना

लिनक्स डेस्कटॉपवर प्रोग्राम एकमेकांशी डी-बस या संदेशव्यवस्थेद्वारे बोलतात. तिची १.० आवृत्ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येक वापरकर्त्याच्या सत्रासाठी एक स्वतंत्र बस असते. सूचना दाखवणारा प्रोग्राम, म्हणजे सूचनासेवक, त्या बसवर ठरलेल्या नावाने स्वतःची नोंद करतो. ज्याला सूचना द्यायची असेल तो प्रोग्राम त्या नावाला ‘नोटिफाय’ ही हाक देतो.

या हाकेसोबत आठ गोष्टी जातात: पाठवणाऱ्या प्रोग्रामचे नाव, आधीची सूचना बदलायची असल्यास तिचा क्रमांक, चिन्ह, शीर्षक, तपशील, बटणांची यादी, काही पूरक संकेत आणि सूचना किती वेळ ठेवायची ती मिलिसेकंदांतील मुदत. मुदतीच्या जागी उणे १ असेल तर निर्णय सूचनासेवकावर सोपवलेला असतो. ० असेल तर सूचना आपोआप जाऊ नये असा अर्थ होतो. पूरक संकेतांत निकड येते. ती ० ते २ अशा तीन पायऱ्यांची असून २ म्हणजे अतितातडीची. याच संकेतांतून चित्राचे ठिपकेही पाठवता येतात. उत्तरादाखल सूचनासेवक एक क्रमांक देतो आणि पुढे सूचना बंद झाली किंवा तिच्यावरील बटण दाबले गेले, तर त्या क्रमांकासह संकेत परत पाठवतो.

या रचनेत दोन गोष्टी नाहीत आणि अग्रेषण करणाऱ्याला दोन्ही जाणवतात. पहिली म्हणजे सूचनेची वेळ: ती हाकेत नसते, कारण सूचना लगेच दाखवली जाईल असे गृहीत धरलेले असते. दुसरी म्हणजे प्रोग्रामच्या नावाची शहानिशा. प्रोग्राम स्वतःचे जे नाव सांगेल ते स्वीकारले जाते. एकाच संगणकावरील, एकाच वापरकर्त्याच्या प्रोग्रामांमध्ये हा विश्वास फारसा खटकत नाही. अविश्वासू आभासी यंत्राच्या बाबतीत मात्र तो धोकादायक ठरतो.

अग्रेषणाची पद्धत

डी-बसची सत्रबस युनिक्स सॉकेटवर चालते. हे सॉकेट फाइलप्रणालीत दिसत असले तरी ते एकाच कर्नेलच्या आत काम करते. कंटेनर यजमानाचाच कर्नेल वापरत असल्यामुळे कंटेनरमध्ये हे सॉकेट सरळ जोडून देता येते. आभासी यंत्राचा कर्नेल स्वतंत्र असतो. त्यामुळे सॉकेटची फाइल सामाईक फोल्डरमधून आत दिसली तरी पलीकडे कोणी उत्तर देणारे नसते. म्हणून आभासी यंत्रासाठी निराळी वाहिनी आणि दोन्ही टोकांना एकेक मध्यस्थ प्रोग्राम लागतो.

आतला मध्यस्थ दोन प्रकारे बसवता येतो. एका प्रकारात तो बसवरील संदेश केवळ ऐकतो आणि त्यांची प्रत बाहेर पाठवतो. ही पद्धत सोपी आहे, परंतु सूचना आत व बाहेर अशी दोनदा दिसते आणि बाहेर दाबलेल्या बटणाचा परिणाम आत पोहोचवण्याचा सरळ मार्ग राहत नाही. दुसऱ्या प्रकारात आतला नेहमीचा सूचनासेवक काढून टाकून त्याच्याच नावाने मध्यस्थ नोंद करतो. प्रोग्रामांना काही फरक जाणवत नाही. त्यांची हाक नेहमीच्या नावालाच जाते. गंभीर वापरासाठी हीच पद्धत योग्य आहे. तिच्यात सूचनासेवकाला विचारला जाणारा ‘तुला काय काय जमते?’ हा प्रश्नही मध्यस्थाकडे येतो. रंगरूप देणारे मार्कअप, दुवे किंवा चित्रे बाहेर जाऊ द्यायची नसतील, तर मध्यस्थाने ती क्षमता आपल्याकडे नाही असे सांगावे, म्हणजे नीट लिहिलेले प्रोग्राम मुळातच साधा मजकूर पाठवतात. सर्वच प्रोग्राम नीट लिहिलेले नसतात, हे बाहेरच्या मध्यस्थाने गृहीत धरावे लागते.

वाहिनीसाठी अनेक पर्याय आहेत. आभासी जाळ्यावरून टीसीपी जोडणी करता येते. ओपनएसएसएचच्या ६.७ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, युनिक्स सॉकेटही एसएसएचमधून पलीकडे नेता येते. त्यामुळे यजमानाची संपूर्ण सत्रबसच आभासी यंत्रात नेण्याचा मोह होतो. तो टाळणे आवश्यक आहे. सत्रबसवर केवळ सूचनासेवक नसतो. जतन केलेले पासवर्ड सांभाळणारी सेवा आणि नवे प्रोग्राम सुरू करू शकणारी सिस्टिमडी ही सेवाही तेथेच असते. ज्याच्या हाती सत्रबस आली त्याला यजमानावर हवा तो प्रोग्राम चालवता येतो. मग विलगीकरण नावापुरतेच उरते.

याच कामासाठी बनवलेली वाहिनी म्हणजे व्हीसॉक. लिनक्स कर्नेलमध्ये ती व्हीएमवेअरकडून ३.९ या आवृत्तीत, २०१३ मध्ये, आली. केव्हीएमवरील यंत्रांना उपयोगी पडणारी तिची व्हर्टिओ आवृत्ती २०१६ च्या ४.८ मध्ये समाविष्ट झाली. तिच्यात आयपी पत्त्याऐवजी प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो आणि यजमानाचा क्रमांक नेहमी २ असतो. जाळ्याची जोडणी पूर्णपणे बंद असलेल्या यंत्रातही ती चालते. तिचा सर्वांत मोठा गुण असा की, संदेश कोणत्या यंत्राकडून आला तो क्रमांक यजमानाच्या बाजूला ठरतो. पाठवणाऱ्या यंत्राला तो खोटा सांगता येत नाही. सेवा केंद्राच्या उदाहरणात ‘ग्राहक’ यंत्राने स्वतःला ‘कार्यालय’ म्हणवले तरी ते उघडे पडते.

क्रमांकांची सांगड आणि परतीचा प्रवास

दोन आभासी यंत्रांतील पहिल्या सूचनेचा क्रमांक १ असू शकतो आणि यजमानाच्या स्वतःच्या सूचनेचाही. त्यामुळे बाहेरचा मध्यस्थ प्रत्येक यंत्रासाठी आतला क्रमांक व बाहेरचा क्रमांक यांची जोडयादी ठेवतो. ही यादी नसेल, तर एक यंत्र दुसऱ्या यंत्राची सूचना बदलू किंवा पुसू शकते.

परतीच्या प्रवासाकडे सहसा दुर्लक्ष होते. सूचना वापरकर्त्याने बंद केली की मुदत संपल्याने गेली, हे विनिर्देशानुसार मूळ प्रोग्रामला कळवले जाते. ‘ग्राहक’ यंत्रातील विषाणूला यावरून संगणकासमोर कोणी बसले आहे की नाही हे समजते. अविश्वासू यंत्रांना सरसकट ‘मुदत संपली’ असेच उत्तर देणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

आभासी यंत्र थांबवून ठेवता येते, आणि येथे वेळेचा प्रश्न येतो. सकाळी थांबवलेले यंत्र संध्याकाळी पुन्हा चालू केले की ईमेल, दिनदर्शिका व संदेशांचे प्रोग्राम एकदम जागे होतात आणि साचलेल्या सूचना एकामागून एक बाहेर पडतात. हाकेत वेळ नसल्याने त्या सर्व ताज्या दिसतात. म्हणून ठरावीक काळात किती सूचना घ्यायच्या यावर मर्यादा घातली जाते. ही मर्यादा मुद्दाम केलेल्या भडिमारालाही आवर घालते. उरलेल्या सूचना टाकून देण्याऐवजी ‘आणखी इतक्या सूचना आहेत’ असे एका ओळीत सांगणे वापरकर्त्याला सोयीचे असते.

सुरक्षा

बाहेरच्या मध्यस्थाने आतून आलेली प्रत्येक बाइट शत्रूने पाठवली असावी असे समजून वागावे लागते. संदेशाची कमाल लांबी आधी ठरवून त्याहून मोठा संदेश न वाचताच नाकारणे ही पहिली पायरी. चित्रांच्या बाबतीत संकुचित फाइल स्वीकारणे टाळले जाते, कारण अशा फाइली उलगडणाऱ्या ग्रंथालयांत वेळोवेळी गंभीर दोष सापडले आहेत. त्याऐवजी उलगडलेले ठिपके घेऊन रुंदी, उंची आणि प्रत्यक्ष बाइटसंख्या यांचा मेळ बसतो का, हे तपासणे सोपे पडते. चिन्हासाठी आलेला फाइलचा पत्ता कधीही वापरला जात नाही. तो आतल्या यंत्रातील पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर यजमानात भलतीच फाइल असू शकते.

यंत्राचे नाव बाहेरच्या मध्यस्थाने स्वतः लिहावे लागते. तेही अशा जागी, जेथे आतून आलेला मजकूर पोहोचू शकत नाही. नाव मजकुराच्या सुरुवातीला जोडले, तर शीर्षकात नवी ओळ घालून खालच्या ओळीत दुसऱ्या यंत्राचे नाव लिहिण्याची युक्ती करता येते. पोलंडमधील जोआना रुत्कोव्स्का यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये जाहीर झालेल्या आणि २०१२ मध्ये १.० आवृत्तीला पोहोचलेल्या क्यूब्ज ओएस या प्रणालीत हा प्रश्न रंगांनी सोडवला आहे. प्रत्येक आभासी यंत्राला एक रंग असतो आणि त्याच्या खिडक्यांभोवती त्या रंगाची चौकट यजमानाकडून काढली जाते. आतला प्रोग्राम चौकटीच्या आत काहीही रंगवू शकतो, पण चौकट बदलू शकत नाही.

देवनागरी मजकूर

गाळणी लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर बहुधा इंग्रजी मजकूर असतो, आणि त्याचे परिणाम मराठी वापरकर्त्याला भोगावे लागतात. सर्वांत कडक गाळणी इंग्रजी अक्षरे, अंक व विरामचिन्हे सोडून बाकी सर्व पुसते. क्यूब्ज ओएसमध्ये खिडक्यांच्या शीर्षकांबाबत मूळ रचना अशीच आहे: इतर लिप्यांतील अक्षरांच्या जागी अधोरेषा दिसतात. यूटीएफ-८ शीर्षकांना परवानगी देण्याची सोय आहे, पण ती वापरकर्त्याने स्वतः चालू करावी लागते. यामागील कारण अवाजवी नाही. देवनागरी, तेलुगू किंवा अरबी मजकूर पडद्यावर मांडण्यासाठी लागणारी यंत्रणा गुंतागुंतीची असते आणि यजमानाच्या सर्वांत विश्वासू भागात ती शत्रूच्या मजकुरावर चालवणे जोखमीचे असते.

ही जोखीम कल्पनेतील नाही, हे मोबाइल फोनवरील दोन घटनांतून दिसले. मे २०१५ मध्ये एक विशिष्ट संदेश आल्यास आयफोन बंद पडून पुन्हा सुरू होत असे. त्या संदेशात इंग्रजी, अरबी व चिनी अक्षरांसह देवनागरीतील ‘ॣ’ हे चिन्ह होते. सूचनेच्या पट्टीत मावावा म्हणून मजकूर छाटताना दोष उफाळत असे. संदेश उघडण्याचीही गरज नव्हती. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतील ‘ज्ञा’ या जोडाक्षराच्या एका विशिष्ट लेखनाने असाच प्रकार घडला. तो आयओएस ११.२.६ मध्ये दुरुस्त करण्यात आला.

मधल्या मार्गाच्या गाळण्या देवनागरी सरसकट पुसत नाहीत, ती अर्धवट ठेवतात. त्यांचा परिणाम अधिक फसवा असतो, कारण मजकूर दिसतो पण चुकीचा दिसतो. ‘बुलढाणा’ हा शब्द वाचकाच्या दृष्टीने चार अक्षरांचा आहे. युनिकोडमध्ये त्याचे सात संकेतबिंदू होतात: ब, उकार, ल, ढ, काना, ण, काना. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेतबिंदू तीन बाइट घेतो, म्हणून हा शब्द २१ बाइटचा होतो. शीर्षकाला २५६ बाइटची मर्यादा घातली, तर इंग्रजीला २५६ अक्षरे मिळतात आणि देवनागरीला जेमतेम ८५ संकेतबिंदू. २५६ वी बाइट तर ८६ व्या संकेतबिंदूचा पहिला तुकडा असते. तो तुकडा तसाच पुढे पाठवला की मजकूर यूटीएफ-८ म्हणून अवैध ठरतो. डी-बसचा नियम असा की मजकूर वैध यूटीएफ-८ असलाच पाहिजे. अवैध संदेश पाठवणाऱ्याची जोडणी बस तोडून टाकते. म्हणजे लांबलचक मराठी शीर्षकाची एकच सूचना संपूर्ण अग्रेषण बंद पाडू शकते आणि इंग्रजीत चाचणी घेणाऱ्याला हा दोष कधीच सापडत नाही.

संकेतबिंदूंच्या सीमेवर छाटणी केली तरी भागत नाही, कारण काना-मात्रा मागील व्यंजनापासून तुटू शकतात आणि जोडाक्षर मध्येच कापले जाऊन लोंबता हलन्त उरतो. अक्षरे कोठे तोडावीत याचे नियम युनिकोडने स्वतंत्रपणे दिले आहेत. २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून त्यांत देवनागरी जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियमही समाविष्ट आहे. छाटणी त्याच सीमांवर केली जावी.

युरोपीय भाषांतील उच्चारचिन्हे काढून साधी अक्षरे ठेवणारी गाळणी तर देवनागरीला अगदीच गैरलागू आहे. ती युनिकोडच्या वर्गवारीनुसार जागा न व्यापणारी चिन्हे काढते. उकार त्या वर्गात मोडतो, काना मोडत नाही. त्यामुळे ‘बुलढाणा’चे ‘बलढाणा’ होते.

खास मराठीचा प्रश्न आहे तो ऱ्य व ऱ्ह यांतील चंद्रकोरीसारख्या अर्ध्या रकाराचा. हिंदीत हे लेखन नाही. युनिकोडमध्ये ते दोन प्रकारे लिहिता येते. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्यानंतर हलन्त आणि पुढचे व्यंजन येते. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक हे न दिसणारे चिन्ह येते. दोन्ही लेखने प्रमाण मानलेली असून दोन्ही प्रचारात आहेत. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ची स्वतंत्र कळ असल्याने तो वापरणारे सहसा पहिल्या प्रकारे लिहितात, इतर साधनांनी लिहिलेल्या मजकुरात दुसरा प्रकार बराच आढळतो.

न दिसणारी चिन्हे फसवणुकीस उपयोगी पडतात, म्हणून अनेक गाळण्या ती सर्व एकाच झपाट्यात काढतात. जोडक गेला की उरलेल्या र व हलन्ताचा रफार होतो. ‘शेतकऱ्यांसाठी’चे ‘शेतकर्यांसाठी’ होते, ‘बऱ्याच’चे ‘बर्याच’. बुलढाणा जिल्हा ज्या प्रदेशात मोडतो त्या ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ होते. काही शब्दांत अर्थच पालटतो: ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग, तर ‘दर्या’ म्हणजे समुद्र; ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला, तर ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला. सेवा केंद्रातील चालकाला ‘शेतकर्यांसाठी’ वाचून अर्थ लागेल, हे खरे. पण अशुद्ध मराठी ही खोट्या संदेशाची एक खूण म्हणून लोक ओळखू लागले आहेत. गाळणीने खऱ्या सूचनाही तशाच करून ठेवल्या, तर ती खूण निकामी होते.

खरोखर काढण्याजोगी चिन्हे थोडी आहेत. नियंत्रक वर्ण आणि मजकुराची दिशा उलटवणारी चिन्हे यजमानाकडे जाऊ देऊ नयेत. दिशाचिन्हांची यादी छोटी व निश्चित आहे: यू+२०२ए ते यू+२०२ई आणि यू+२०६६ ते यू+२०६९. शून्य रुंदीचा जोडक व विभाजक, म्हणजे यू+२००डी आणि यू+२००सी, हेही युनिकोडच्या वर्गवारीत याच गटात मोडतात. त्यामुळे वर्ग पाहून नव्हे, तर यादी पाहून गाळणी करावी लागते. देवनागरी हलन्तानंतर आलेला जोडक ठेवून इतरत्र आलेला काढणे हा आणखी काटेकोर नियम असून त्याने इमोजींतील काही जोडण्या तुटतात. मराठी मजकूर मात्र सुरक्षित राहतो.

मजकुराऐवजी चित्र

यजमानावर गुंतागुंतीची लिपी मांडण्याची जोखीम घ्यायची नसेल, तर दुसरा मार्ग उपलब्ध आहे. सूचना आतल्या यंत्रातच पूर्ण रंगवून तिचे केवळ ठिपके बाहेर न्यायचे. लिपी मांडणारी यंत्रणा आत चालते, दोष उफाळला तरी आतलेच यंत्र कोसळते आणि आतल्या टंकांत मराठी जशी दिसते तशीच बाहेर दिसते. यजमानाला केवळ चौकट काढायची असते.

या मार्गाची किंमतही मोठी आहे. यजमानाला सूचनेचा मजकूर कळत नसल्याने जुन्या सूचनांची यादी, त्यांतील शोध आणि ‘व्यत्यय नको’ ही सोय यांपैकी काहीच नीट चालत नाही. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ठिपक्यांतून काहीच वाचता येत नाही. दृष्टिहीन वापरकर्त्याच्या दृष्टीने सूचना आलीच नाही असे होते. त्यामुळे विश्वासू यंत्रांकडून मजकूर आणि अविश्वासू यंत्रांकडून ठिपके, अशी विभागणी समंजस ठरते. सेवा केंद्रात ‘कार्यालय’ला पहिली वाट आणि ‘ग्राहक’ला दुसरी देता येईल, ‘ग्राहक’च्या सूचना मुळीच बाहेर न आणणे हाही विचार करण्याजोगा पर्याय आहे.

विविध प्रणालींतील स्थिती

पॅरालल्स डेस्कटॉपमध्ये विंडोजच्या सूचना मॅकच्या सूचना केंद्रात दाखवण्याची सोय आहे. क्रोमओएसमध्ये २०१८ पासून लिनक्स प्रोग्राम एका आभासी यंत्रात चालवता येतात आणि त्यांच्या सूचना क्रोमओएसच्या इतर सूचनांबरोबरच दिसतात. दोन्ही ठिकाणी आतले व बाहेरचे सॉफ्टवेअर एकाच कंपनीकडून येत असल्याने मध्यस्थ वेगळा बसवावा लागत नाही.

विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत लिनक्स कर्नेल एका हलक्या आभासी यंत्रात चालतो. तेथे सूचनासेवक आपोआप नसतो. सूचना देणारी लिनक्सची नेहमीची आज्ञा दिली, तर ते नाव बसवर कोणीच घेतलेले नाही अशी त्रुटी येते. मात्र या व्यवस्थेत लिनक्समधून विंडोजचे प्रोग्राम सरळ चालवता येतात. त्यामुळे पॉवरशेलकरवी टोस्ट सूचना उमटवण्याची युक्ती प्रचलित आहे. ज्या यंत्राला यजमानाचा कोणताही प्रोग्राम चालवण्याची मुभा आहे, तेथे सूचनांची गाळणी लावून फारसे साधत नाही. ही व्यवस्था सोयीसाठी आहे, विलगीकरणासाठी नव्हे.

केव्हीएम व व्हर्टिओवर स्वतः उभारलेल्या यंत्रांसाठी तयार व सर्वमान्य असे एकच साधन रूढ झालेले नाही. वापरकर्ते व्हीसॉक किंवा एसएसएचवर छोटे मध्यस्थ लिहून काम भागवतात. फोनवरील सूचना संगणकावर आणणारे केडीई कनेक्ट हे सॉफ्टवेअर या विषयाच्या जवळचे आहे. त्यातही दोन उपकरणांची ओळख आधी पटवून जोडी जुळवावी लागते. फरक इतकाच की, तेथे दोन्ही उपकरणे एकाच व्यक्तीच्या विश्वासातील असतात.